रेणापूरकरांच्या घरी बर्फ

चारुलता रेणापूरकर हिने मासे मारायचा प्रयत्न केला नव्हता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. काळेवाडीतल्या सागरदर्शन सोसायटीत अजूनही दोन-चार माणसं अशी आहेत, की हा विषय निघाला की नुसतं "हं" म्हणतात आणि दुसरीकडे बघतात. (सागरदर्शनमधून सागर दिसत नाही. गच्चीवर गेलं तर पवना दिसते, आणि जलपर्णी वाढली की तीही दिसत नाही.) पण ज्या बाईने आयुष्यात झुरळसुद्धा स्वतः मारलं नाही, दर वेळी खुर्चीवर चढून नवऱ्याला हाक मारली, ती बाई मासे कशाला मारेल?

संशयाला जागा होती, ती आदल्या संध्याकाळच्या भांडणामुळे. भांडणाचा विषय नेहमीचाच होता. हॉलमधला टँक.

चाळिशी उलटल्यावर पुरुषांना काही ना काही होतं. कुणी गड चढायला लागतो, कुणी ग्रुपवर देशाचं भवितव्य ठरवायला लागतो. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर असलेल्या गुरुदत्तला समुद्र झाला. साधे गोड्या पाण्यातले मासे नव्हेत. खारं पाणी, त्यात खडक, खडकांवर प्रवाळ, प्रवाळांमध्ये केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची एक जोडी, आणि एक लाल कोळंबी, जी खायची नसते. फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे दिसणारे ते प्रवाळ जिवंत असतात, ही गोष्ट चारुलतेने दोन वर्षं केवळ संसार टिकावा म्हणून मान्य केली होती.

या समुद्राला थंडी लागत नाही, पण ऊन मात्र बाधतं. पाणी सव्वीसच्या आसपास असलं की सगळे खूश. अठ्ठावीसला काळजी. तीसला प्रवाळ पांढरे पडायला लागतात, एक मेलं की पाणी नासतं, आणि पाणी नासलं की बाकीचे त्याच्या मागोमाग जातात. पाणी थंड ठेवायचं वेगळं यंत्र मिळतं. पण गुरुदत्तचं म्हणणं, की त्यापेक्षा हॉलमध्ये एसी लावू, म्हणजे मासेही गार राहतील आणि माणसंही. एसी लागला त्याच दिवशी त्याच्या आईने, सुभद्राबाईंनी, आपली गादी हॉलमध्ये आणून टाकली. "माशांच्या पुण्याईनं का व्हईना, पोरानं आईला गारवा दिला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला लातूरच्या ठसक्यात सांगत. चारुलता मात्र आत पंख्याखाली झोपे, आणि मे महिन्यात काळेवाडीचा पंखा म्हणजे गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची सोय.

तर आदल्या संध्याकाळी विजेचं बिल आलं. बिल बघून चारुलता जे बोलली ते खिडकी उघडी ठेवून बोलली, ही तिची चूक. "एक दिवस तो एसी बंद करीन आणि बघत बसेन, तुमचे मासे कसे उकडतात ते!" शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवल्यामुळे तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. समोरच्या दीपमालावहिनी कुंडीला पाणी घालत होत्या. कुंडी भरून वाहिली तरी त्या घालतच राहिल्या.

गुरुदत्त काहीच बोलला नाही. क्वालिटीतला माणूस चिडला की बोलत नाही, मनात नोंद करतो. सकाळी तो "येतो" न म्हणता गेला. खरं तर गुरुवार होता. आपल्याकडे कंपन्यांचा रविवार गुरुवारी येतो, कारखान्यांचा सगळा पट्टा त्या दिवशी सुट्टीवर, म्हणजे लुंगीवर असतो. पण महाळुंग्याला परदेशी गिऱ्हाइकांचं ऑडिट होतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याला जावं लागलं.

आणि चारुलतेने चहाचा कप विसळून पालथा घातला, तोच एसीने एक उसासा टाकला, थरथरला, आणि गरम वारा सोडायला लागला.

मराठी माणूस अशा वेळी जे जे करतो ते सगळं तिने केलं. बंद करून चालू केला. रिमोटच्या बॅटऱ्या काढून तळहातावर चोळून परत घातल्या. स्टुलावर चढून त्याच्या डोक्यावर थोपटलं. एसी ढिम्म. तिच्या मनात पहिला विचार आला, आता मासे मरणार. आणि लगेच दुसरा आला, तो जास्त भयंकर होता. मासे मेले तर ते मीच मारले असं हे समजणार. तोंडाने काही म्हणणार नाहीत. जन्मभर म्हणणार नाहीत. नुसते रिकाम्या टँककडे बघत बसतील, आणि मी ते बघत बसेन.

तिने फोन लावला. बंद. ऑडिटच्या दिवशी सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा होतात. तिने गेटवर लावला.

"मॅडम, साहेब आत प्रॉडक्शन लाइनवर आहेत," सिक्युरिटीवाला म्हणाला. "आज आत निरोप द्यायचा तर तीनच गोष्टींचा. आग, अपघात नाहीतर मयत. यातलं काय आहे?"

"तसं... अजून काही नाही," चारुलता म्हणाली आणि फोन ठेवला.

काचेवरच्या थर्मामीटरवर सत्तावीस पूर्णांक चार दिसत होतं.

दार उघडंच होतं. दीपमालावहिनी आत आल्या, एसीकडे बघितलं, चारुलतेकडे बघितलं, आणि आवाजात थोडा धाक आणि थोडं कौतुक मिसळून म्हणाल्या, "केलंत शेवटी!"

"अहो, बंद पडला तो!"

"हो, हो. पडला." त्यांनी चारुलतेच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यापाशी बोला हो मोकळेपणाने. मी कुणाला सांगते का?"

या वाक्यातलं तथ्य साऱ्या बी विंगला ठाऊक होतं, आणि थोड्याच वेळात साऱ्या बी विंगला एसीची बातमीही ठाऊक झाली. गुरुवार असल्यामुळे पुरुष घरी होते. इतर दिवशी सल्ला द्यायला फक्त बायका असतात; गुरुवारी पूर्ण ताकद असते. तिसऱ्या मजल्यावरून सब्जा भिजवून आला. कुणी म्हणालं पाण्यात ताक घाला. कुणी म्हणालं वरच्या टाकीचं ताजं पाणी सोडा. मेमध्ये वरच्या टाकीचं पाणी म्हणजे नुसती चहापूड टाकायची बाकी असते, हे सांगून चारुलतेने त्यांना थोपवलं. सुभद्राबाई गादीवरून म्हणाल्या, "आगं पोरी, कांदा ठिव तिथं. उन्हाळा कांद्याला भेतोय." आणि कुणी उठायच्या आत त्यांनी स्वतःच कांदा चिरून अर्धा टँकच्या झाकणावर ठेवला आणि अर्धा आपल्या उशाशी.

चारुलतेने मोबाइलवर शोधून एक शहाणपणाची गोष्ट केली. झाकण काढलं, कांद्यासकट, आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला. आकडा थोडा अडखळला. तेवढ्यात तिने बोलावलेला एसीवाला रविराज आला, आणि तिला वाटलं, सुटले.

रविराज तळवड्याहून आला होता. त्याने आतलं खोकं उघडून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, इथे सब ओके आहे. प्रॉब्लेम आउटडोअरला. पॅसेजच्या खिडकीतून सज्ज्यावर उतरावं लागेल."

"उतरा की."

"नाही उतरता येणार," मागून आवाज आला. सेक्रेटरी अर्जुनराव घारे दारात उभे होते. पिंपरीच्या एका कारखान्यातल्या टूलरूममधून ते निवृत्त झाले होते, आणि तिथला जो मायक्रॉनचा काटेकोरपणा शिल्लक राहिला होता तो सगळा त्यांनी सोसायटीला वाहिला होता. "मागच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आहे. सज्ज्यावर उतरायला चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांची लेखी परवानगी. सी विंगला केबलवाला असाच उतरला होता, विसरलात?"

"पडला होता का तो?"

"पडला नव्हता. पण पडला असता तर?"

चेअरमन आंब्यांसाठी कोकणात गेले होते आणि तिथे त्यांच्या फोनला रेंज नव्हती. चारुलता हात जोडून म्हणाली, "अहो अर्जुनराव, माझ्या संसाराचा प्रश्न आहे." अर्जुनराव दगड नव्हते. त्यांनी विचार केला आणि मार्ग काढला. चेअरमन नसतील तर कार्यकारिणीला अधिकार. कार्यकारिणीची तातडीची बैठक. बैठक कुठे, तर विषय जिथे आहे तिथे.

म्हणजे रेणापूरकरांच्या हॉलमध्ये. ज्या हॉलमधला एसी बंद पडला होता त्या हॉलमध्ये कार्यकारिणीचे सगळे सभासद, निमंत्रित म्हणून आणखी काहीजण, आणि निमंत्रण नसलेले बरेच जण, असे गोल करून बसले. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात आलं. माणूस म्हणजे एक चालती शेगडी असते, हे चारुलता शाळेत शिकवत नव्हती, पण त्या दिवशी तिने ते थर्मामीटरवर प्रत्यक्ष बघितलं. पार्किंगचा विषय निघाला तेव्हा अठ्ठावीस पूर्णांक एक. पार्किंगवरून आवाज चढले तेव्हा अठ्ठावीस पूर्णांक सहा. सुभद्राबाईंना तिथे बसवेना, त्या उशी आणि कांदा घेऊन आतल्या खोलीत गेल्या. प्रवाळांनी आपली बोटं आत ओढून घेतली होती. केशरी जोडीतली मोठी, मादी, कोपऱ्यात जाऊन तिरकी तरंगत होती. चारुलतेला त्या माशाचं तोंड आवडत नसे, सदा तक्रार करणाऱ्या पालकासारखं आहे असं ती म्हणे. आता तेच तोंड उघडझाप करताना बघून तिने टेबलफॅन आणखी जवळ सरकवला.

"ठराव मंजूर," अर्जुनराव म्हणाले. "सूचक आणि अनुमोदक यांनी सही करा."

रविराज सज्ज्यावर उतरला, वाकून बघितलं, आणि परत खिडकीत डोकं घातलं. "मॅडम, फॅनची मोटर जळालीय. नवीन टाकायला लागेल."

"टाका!"

"आज नाही होणार. गुरुवार आहे ना, डीलर बंद."

सभा विसर्जित झाली. सगळे आपापल्या घरी, आपापल्या एसीत, जेवायला गेले. चारुलता टँकपुढे एकटी उभी राहिली. तिने फ्रिजचा बर्फाचा कप्पा रिकामा केला. वाटाणे बाहेर, आमरस बाहेर. पाण्याच्या बाटल्या आत. पण घरच्या फ्रिजला बाटली गोठवायला किती वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं, आणि टँकला तेवढा वेळ नव्हता. एकोणतीस. मग तिला सुचलं, बर्फ. पाण्यात टाकायचा नाही, नळाच्या पाण्याचा बर्फ माशांना विष, हे नवऱ्याने हजारदा सांगितलं होतं. पण फोडून, पिशव्यांत घट्ट बांधून, पिशव्या तरंगवायच्या.

तिने काळेवाडी फाट्याच्या बर्फवाल्याला फोन केला. "मला बर्फाच्या लाद्या हव्यात. लगेच. सागरदर्शन, बी विंग, चौथा मजला."

"घरी?" तो म्हणाला.

"हो, घरी."

तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "काळजी करू नका ताई. लगेच पाठवतो. पैशांचं मागनं बघू."

चारुलतेला भरून आलं. म्हटलं, या शहरात अजून माणुसकी आहे, माशांसाठीसुद्धा आहे.

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण चारुलतेच्या ती त्या क्षणी लक्षात आली नाही, आणि इतर सगळ्यांच्या मात्र आली. सागरदर्शनमध्ये लग्नं कार्यालयात होतात आणि वाढदिवस हॉटेलात. घरी, वरच्या मजल्यावर, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी एकाच प्रसंगी येते. घरातलं माणूस गेलेलं असतं आणि मुलगा लांबून यायचा असतो.

लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून वॉचमनने लाद्या जिन्याने न्यायला लावल्या. प्रत्येक मजल्यावर एकेक दार किलकिलं झालं. बर्फ आणणाऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. दीपमालावहिनी मागोमाग आल्या. बाथरूममध्ये चारुलता बत्त्याने बर्फ फोडत होती, केस विस्कटलेले, डोळे खाऱ्या पाण्याने लाल. वहिनींनी आतल्या खोलीच्या अर्धवट दारातून डोकावून बघितलं. सुभद्राबाई पंख्याखाली उताण्या पडल्या होत्या. उकाड्यामुळे त्यांनी तोंडावर ओला पांढरा पंचा ओढून घेतला होता. त्या दुपारच्या झोपेत असल्या की घोरत नाहीत, हलत नाहीत. लातूरला असताना एकदा चोर येऊन गेला तरी त्यांना कळलं नव्हतं.

वहिनींनी दोन्ही हात तोंडावर नेले. मग धावत येऊन बाथरूममध्ये चारुलतेला मिठी मारली.

सकाळपासून त्या घरात कुणी चारुलतेला धीराचा एक शब्द दिला नव्हता. मिठी बसताच तिचा बांध फुटला. "हे मीच केलं असं म्हणतील हो सगळे!" ती हुंदके देत म्हणाली. "काल बोलून बसले ना मी!"

"छे, छे," वहिनी तिला थोपटत म्हणाल्या. "कोण म्हणेल असं? वेळ आली होती म्हणायची. आणि शांतपणे झालं सगळं, हे काय कमी?"

"अजून झालं नाही. धुगधुगी आहे," चारुलता नाक पुसत म्हणाली. पण वहिनी तोवर फोन काढून बाहेर गेल्या होत्या. चारुलतेने पिशव्या उचलल्या आणि टँककडे धाव घेतली. एकोणतीस पूर्णांक पाच.

पुढचा थोडा वेळ ती टँकच्या बाहेर नव्हतीच म्हणा. पिशवी तरंगव, वितळली की काढ, दुसरी सोड, एकदम गार होऊन चालत नाही म्हणून आकडा बघ. लाद्या उन्हातून आणल्या होत्या, त्यामुळे निम्म्या जिन्यातच संपल्या होत्या. मागे हॉलमध्ये माणसं येत होती, भिंतीला टेकून गप्प उभी राहत होती. तिला वाटलं, सकाळी सल्ले दिले त्याची लाज वाटून आलेत. कुणी पांढरा सदरा घातला होता. कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेलं. खाली खुर्च्या मांडल्याचा आवाज आला. मग चार माणसं "बाजूला, बाजूला" करत एक लांबलचक, काचेच्या झाकणाची पेटी घेऊन आत आली, आणि त्यांच्यामागून कोपऱ्यावरच्या गणेश मंडळाचे दत्तोबा आले, खांद्यावर उपरणं, चेहरा गंभीर.

"कुठं ठिवायची ताई?" दत्तोबा म्हणाले. "मंडळातर्फे हाय. भाडं न्हाई घेत आमी."

"काय आहे हे?"

"शीतपेटी. साहेब येईस्तवर मातारीला..."

चारुलतेच्या हातातली पिशवी गळून पडली. तिने खोलीभर नजर फिरवली आणि तिला एकदम सगळं समजलं. नेमकं त्याच वेळी, एवढा सन्नाटा कसला म्हणून जाग्या झालेल्या सुभद्राबाई पंचा खांद्यावर टाकून दारात आल्या.

"काय गं, कोण गेलं?" त्या म्हणाल्या. "काहून रडायलेत सगळे?"

दोन बायका किंचाळल्या. अर्जुनरावांनी खाली फळ्यावर शोकसंदेश लिहून टाकला होता, तो पुसायला एकाला धाडलं. दीपमालावहिनींना भिंतीशी बसवून पाणी पाजलं. झाला प्रकार सुभद्राबाईंना सांगण्यात आला. त्या पेटीभोवती एकदा फिरल्या, काच ठोकून बघितली आणि म्हणाल्या, "चांगली हाय की. लांबीला बी पुरंल."

जमलेली मंडळी थोडी हिरमुसली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुरुवारची झोप मोडून ती आली होती. हळूहळू पाय काढायला लागणार, तेवढ्यात दत्तोबांनी नवीनच पेच टाकला. "पेटी दारातनं रिकामी न्हाई नेता येत आमाला. लई वंगाळ. मागं एकदा नेली, तर आठ दिसांत त्याच घरात..."

"दत्तोबा!" अर्जुनराव ओरडले.

"मी फकस्त सांगितलं," दत्तोबा म्हणाले.

सगळ्यांचे डोळे नकळत सुभद्राबाईंकडे वळले. सुभद्राबाई पहिल्यांदाच थोड्या चरकल्या आणि खुर्चीवर बसल्या. चारुलता मात्र पेटीच्या मागच्या बाजूला असलेल्या यंत्राकडे बघत होती. ती पेटी गार करते. ती गार करण्यासाठीच बनलेली आहे.

"दत्तोबा, किती थंड होते हो ही?"

"शून्याच्या खाली जाती की. आमची नवी हाय."

"लावा," चारुलता म्हणाली. "इथे, हॉलमध्ये. आणि तुम्ही सगळे घरी जा आणि फ्रिजमधल्या गार पाण्याच्या बाटल्या घेऊन या. असतील नसतील तेवढ्या. पळा!"

पंचवीस वर्षांच्या नोकरीतला तो आवाज होता. पांढऱ्या सदऱ्यांसकट माणसं पळाली. बाटल्या यायला लागल्या. बर्फात मीठ घालून तो बाटल्यांभोवती ओतला की पाणी लवकर गोठतं असं कुणी सांगितलं, ते एरवी आईस्क्रीमच्या भांड्याला सांगतात, पण खरं निघालं. उरलेल्या लादीचा चुरा आणि खडेमीठ पेटीत गेलं, त्यात बाटल्या गेल्या, यंत्र घुमायला लागलं, आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून दत्तोबांनी सवयीने पेटीवर पांढरी चादर नीट अंथरली. पेटी आता रिकामी नव्हती, त्यामुळे सुभद्राबाईंच्याही जिवात जीव आला. पहिल्या बर्फगार बाटल्या टँकमध्ये तरंगल्या तेव्हा पाणी एकोणतीस पूर्णांक आठवर होतं. मग सात. मग सहा. प्रत्येक आकड्याला मागची मंडळी हळूच "गेलं, गेलं, खाली गेलं" म्हणायची.

मोठी अजून कोपऱ्यात तिरकी होती. एका प्रवाळाची कड पांढरी पडली होती. चारुलता बाटल्या बदलत होती आणि मनात म्हणत होती, बाई गं, निदान रात्री हे घरी येईपर्यंत जग. तुझ्या तोंडाला पुन्हा नाव ठेवणार नाही.

आणि तेव्हा तिला आठवलं. ती गर्रकन वळली. "अर्जुनराव! तुम्ही यांना तर काही कळवलं नाहीत ना?"

अर्जुनरावांचा चेहरा आधी अभिमानाने फुलला आणि मग हळूहळू उतरला. "कंपनीच्या गेटवर फोन केला मी," ते म्हणाले. "सांगितलं, घरी मयत झालंय. नाव मुद्दाम नाही सांगितलं. नाव ऐकून माणसाला धक्का बसतो."

चारुलतेने गेटवर फोन लावला. "साहेब केव्हाच निघाले मॅडम," सिक्युरिटीवाला म्हणाला. "फार गडबडीत होते. मोबाइल इथेच राहिला त्यांचा."

आता दोन काळज्या झाल्या. एक डोळा थर्मामीटरवर आणि एक दारावर. गुरुदत्त गाडी चालवत येतोय, चाकणच्या चौकातल्या ट्रकांच्या रांगेत अडकलाय, आणि घरात कोण मेलंय हे त्याला ठाऊक नाही. तिच्या डोळ्यांसमोर नाही नाही ते यायला लागलं. एकाला खाली फाटकात उभं केलं, दिसताच क्षणी सांगायचं म्हणून. पण तो पुढच्या फाटकात होता आणि गुरुदत्त आला मागच्याने. जिन्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी, पायऱ्यांवर चपलांचा ढीग. तो चौथ्या मजल्यावर पोचला तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं भिंतीशी उभी होती, आणि मध्यभागी चादर अंथरलेली ती पेटी.

चारुलता तेव्हा टँकच्या मागच्या बाजूला ओणवी होऊन बर्फ वितळलेल्या बाटल्या काढत होती. कुणी काही बोलायच्या आत गुरुदत्त पेटीवर कोसळला.

"चारू!" तो ओरडला. "चारू, मी न बोलता गेलो गं! येतोसुद्धा म्हटलं नाही! चारू, विकून टाकतो सगळं, मासे नकोत, काही नको, ऊठ, चारू..."

ऑडिटसाठी घातलेला टाय पेटीवर लोंबत होता. चादर घसरली. काचेखाली ओळीने निजवलेल्या बाटल्या दिसल्या. गुरुदत्त त्यांच्याकडे बघत राहिला, कारण असं काही त्याने आजवर बघितलेलं नव्हतं.

"आन् मी?" खुर्चीवरून सुभद्राबाई म्हणाल्या. "मी मरंन असं न्हाई आलं व्हय मनात?"

गुरुदत्तने मान वर केली. आईकडे बघितलं. हा प्रश्न असा होता की चांगल्या चांगल्या मुत्सद्द्यांचा घाम निघाला असता. पण तो खरंच रडत होता, आणि रडणारा माणूस खरं बोलतो. "आई, तुला काही होईल असं मला कधी वाटतच नाही गं," तो म्हणाला.

सुभद्राबाईंनी ते घटकाभर तोंडात घोळवलं आणि पसंत केलं. "चहा टाका कुणीतरी," त्या म्हणाल्या.

मग टँकच्या मागून चारुलता उभी राहिली. कोपरापर्यंत ओली, हातात दोन बाटल्या. गुरुदत्त उठला, माणसांमधून वाट काढत गेला आणि सगळ्यांच्या देखत त्याने तिचे दोन्ही हात बाटल्यांसकट धरले. सागरदर्शनमध्ये असं काही कधी घडलेलं नव्हतं. अर्जुनराव छताकडे बघायला लागले.

"मी एसी बंद केला नाही," चारुलता म्हणाली. सकाळपासून तोंडात धरून ठेवलेलं वाक्य आधी बाहेर आलं. "मोटर जळाली. खरंच. त्या रविराजला विचारा."

"कसला एसी?" गुरुदत्त म्हणाला.

"अहो, कसला काय? हॉलमधला! तीसच्या काठावर गेलं होतं पाणी. एकाची कड पांढरी पडलीय, पण बाकी सगळे आहेत. मोठी पण सरळ पोहायला लागली आत्ताच. अठ्ठावीसच्या खाली आणलंय मी."

"असू दे," तो तिचे हात न सोडता म्हणाला. "उद्याच विकतो. मी शब्द दिलाय."

दोन वर्षं हे वाक्य ऐकायची तिने वाट बघितली होती. आता ते ऐकलं आणि तिचं डोकं सणकन तापलं. "कुणाला विचारून विकता?" ती म्हणाली, आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "सकाळपासून मी जिवाचं रान करतेय. अख्खी सोसायटी बाटल्या आणतेय. आणि तुम्ही आल्यापासून एकदा, एकदा तरी वळून बघितलंत का त्यांच्याकडे? जिवंत आहेत का मेलेत, विचारलंत?"

गुरुदत्तने नकारार्थी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी चष्म्याच्या काचांवर ओघळलं होतं, आणि तो तसाच तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"माझ्याकडे काय बघताय?" चारुलता म्हणाली. "तिकडे बघा."